पाण्यातून परत आलेल्या पाट्या

आमच्या कोकणातल्या घराचे छप्पर दरवर्षी वैशाखात उघडे पडायचे. शाकारणीला दोन गडी येत. एक वर चढून कौले काढून खाली देई, दुसरा ती अंगणात मांडून ठेवी. आम्हा मुलांकडे काम असे ते शेवाळ खरवडण्याचे. पण खरे काम आजोबांचे. ते एकेक कौल उचलून बोटाच्या पेराने त्यावर टकटक करीत. खणखणीत वाजले तर ते पुन्हा छपरावर. बद्द वाजले तर बाजूला. बाजूला पडलेल्यांचेही दोन ढीग होत. काही गोठ्यावर चालतील अशी, काही फक्त भरावात टाकण्याजोगी. नवी कौले विकत आणायची ती अगदी नाइलाज झाला तरच.

जुने बांधकाम साहित्य पुन्हा वापरावे, असे आता पर्यावरणाच्या पाठात शिकवले जाते. शिकवताना आपण बहुधा काटकसर आणि निसर्गप्रेम यांच्यावर थांबतो. आजोबांच्या त्या टकटकीत मात्र आणखी काहीतरी होते. कोणती वस्तू अजून कामाची आहे आणि कोणती नाही, हे एकेक नग हातात घेऊन ठरवावे लागते, आणि ते ठरवायला ज्ञान लागते. हेच काम एका फार मोठ्या इमारतीच्या बाबतीत, फार विलक्षण परिस्थितीत करावे लागले. ती इमारत म्हणजे जपानमधील टोकियो रेल्वे स्थानक.

लाल विटांचे स्थानक

टोकियो स्थानक २० डिसेंबर १९१४ रोजी सुरू झाले. त्याचा वास्तुविशारद तात्सुनो किंगो. जपानमध्ये पाश्चात्त्य पद्धतीचे वास्तुशास्त्र शिकलेल्या पहिल्या पिढीतला हा माणूस. सम्राटाच्या राजवाड्यासमोर त्याने सुमारे ३३५ मीटर लांबीची तीन मजली लाल इमारत उभी केली. दोन्ही टोकांना दोन घुमट, आत पोलादाचा सांगाडा, त्याभोवती विटांच्या जाड भिंती आणि वर काळ्या दगडी पाट्यांचे छप्पर.

१ सप्टेंबर १९२३ च्या मोठ्या भूकंपाने टोकियो आणि योकोहामा उद्ध्वस्त झाले. स्थानकाला मात्र फारशी इजा झाली नाही. जे भूकंपाला जमले नाही ते युद्धाने केले. २५ मे १९४५ च्या रात्री विमानांतून आगलावे बॉम्ब पडले आणि स्थानकाचे छप्पर, दोन्ही घुमट व तिसरा मजला जळून गेला.

युद्ध संपले तेव्हा जपानकडे पोलाद नव्हते, सिमेंट नव्हते, पैसाही नव्हता. गाड्या मात्र सुरू होत्या आणि माणसे उघड्या आकाशाखाली तिकिटे काढत होती. तेव्हा १९४७ पर्यंत जी दुरुस्ती झाली ती मिळेल त्या वस्तूंनी. जळलेला तिसरा मजला पुन्हा उभारण्याचा विचार सोडून देऊन इमारत दोन मजलीच केली. पोलादी सांगाड्याऐवजी छपराला लाकडी कैच्या घातल्या. गोल घुमटांच्या जागी आठ बाजूंची साधी उतरती छपरे आली. त्यांच्या आतल्या अंगाला छत हवे होते. त्यासाठी वापरला ड्युराल्युमिनचा पत्रा.

इथे थोडे थांबायला हवे. ड्युराल्युमिन हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. जर्मनीत आल्फ्रेड विल्म या धातुशास्त्रज्ञाला १९०६ मध्ये असे आढळले की ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे, सुमारे चार टक्के, आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून तो धातू तापवला व एकदम थंड केला, तर पुढचे काही दिवस तो आपोआप अधिकाधिक कठीण होत जातो. वजनाला हलका, ताकदीला पोलादाच्या जवळ. असा धातू कोणाला हवा असणार? विमाने बांधणाऱ्यांना. युद्धकाळात त्याचे पत्रे विमानांसाठी राखलेले असत. युद्ध संपले, विमाने बांधायची थांबली, आणि उरलेला पत्रा रेल्वे स्थानकाच्या छताला लागला. बांधणाऱ्यांनी त्यातही हौस सोडली नाही. रोममधील पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या घुमटात असतात तसे चौकोनी खण त्यांनी त्या पत्र्यात घडवले.

ही दुरुस्ती चार-पाच वर्षे टिकली तरी पुष्कळ, असा हिशेब होता. ती साठ वर्षे टिकली. त्या काळात टोकियोत वाढलेल्या दोन-तीन पिढ्यांना स्थानक म्हणजे दोन मजली, आठ कोनांच्या छपरांचे, एवढेच माहीत होते.

पाडायचे, राखायचे की परत आणायचे?

१९८० च्या दशकात ही इमारत पाडून तिथे उंच मनोरा बांधण्याच्या योजना पुढे आल्या. नागरिकांनी विरोध केला. जागा जगातल्या सर्वांत महागड्या जागांपैकी, त्यामुळे प्रश्न नुसत्या भावनेचा नव्हता. सुटका झाली ती एका हिशेबी युक्तीने. स्थानकाच्या भूखंडावर जेवढे चटईक्षेत्र बांधता आले असते पण बांधले नव्हते, तेवढे बांधण्याचा हक्क आजूबाजूच्या इमारतींना विकण्यात आला. मुंबईकरांना टीडीआर हा शब्द चांगलाच ओळखीचा आहे. हा त्याचाच प्रकार. त्यातून सुमारे ५० अब्ज येन मिळाले आणि जीर्णोद्धाराचा खर्च निघाला. २००३ मध्ये इमारतीला महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून संरक्षण मिळाले आणि २००७ मध्ये काम सुरू झाले. गाड्या अर्थातच एक दिवसही थांबल्या नाहीत.

ठरले असे की स्थानकाला १९१४ चे रूप परत द्यायचे: तिसरा मजला आणि गोल घुमट पुन्हा उभारायचे. हा निर्णय दिसतो तितका सरळ नाही. १९४७ ची दुरुस्ती हाही इतिहासच होता. हरलेल्या, भुकेल्या देशाने हाताशी असलेल्या पत्र्यातून आणि लाकडातून केलेले ते काम होते. ते काढून टाकल्याशिवाय १९१४ परत येत नव्हते. माझे स्वतःचे मत विचाराल तर आठ कोनी छपरे गेली याची मला हळहळ वाटते. पण त्या निर्णयामागची ओढही समजते.

खालचे दोन मजले मात्र जसेच्या तसे राखले गेले. शंभर वर्षांच्या विटांच्या भिंती आजच्या भूकंप-नियमांत बसवायच्या तर सोपा मार्ग म्हणजे आतून काँक्रीटच्या नव्या भिंतींचा आधार देणे. तसे केले असते तर जुन्या भिंती नावापुरत्या उरल्या असत्या. त्याऐवजी संपूर्ण इमारत जमिनीपासून अलग केली. पूर्वी ती चिखलट जमिनीत ठोकलेल्या पाइन लाकडाच्या हजारो खुंटांवर उभी होती. तिचा भार आधी तात्पुरत्या आधारांवर घेतला आणि मग रबर व पोलाद यांच्या थरांच्या ३५२ बैठकींवर सोडला. त्यांच्या जोडीला तेलाने भरलेले १५८ दट्टे बसवले. जमीन हादरली की रबराच्या बैठकी आडव्या सरकतात आणि इमारत जलद थरथरण्याऐवजी संथपणे डुलते. दट्ट्यांतले तेल ती ऊर्जा उष्णतेत घालवते. विटेच्या भिंतीला जलद धक्के सोसत नाहीत, संथ डुलणे सोसते. जुन्या भिंती वाचल्या त्या पायाखालच्या या नव्या रबरामुळे.

स्थानकातच एक कलादालन आहे. तिथे भिंतींवर गिलावा न करता विटा उघड्या ठेवल्या आहेत. त्या विटांमध्ये मधूनमधून काळे ठोकळे दिसतात. आतल्या लाकूडकामासाठी खिळे ठोकता यावेत म्हणून गवंडी भिंतीत लाकडी गुट्ट्या बसवत, तशाच त्या गुट्ट्या. १९४५ च्या आगीत त्या जळून कोळसा झाल्या आणि जागच्या जागी राहिल्या. आता त्यांच्यात खिळा बसणार नाही. तरी त्या काढल्या नाहीत, हे मला फार आवडले.

पाटीचा दगड

आता छपराकडे येऊ. १९१४ च्या छपराला लागलेला काळा दगड जपानच्या ईशान्येकडील मियागी प्रांतातला होता. तिथल्या किनाऱ्यावर ओगात्सु नावाचे गाव आहे. आज ते इशिनोमाकी शहराचा भाग आहे. सुलेखनासाठी शाई उगाळायचे दगड बनवणारे म्हणून हे गाव शतकानुशतके प्रसिद्ध. त्याच दगडाच्या छपराच्या पाट्याही होत.

हा दगड आपल्या ओळखीचा आहे. शाळेत ज्या दगडी पाटीवर आपण बाराखडी गिरवली, तीच ही जात. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पायाखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण, असल्याने पाटीचा दगड आपल्याकडे सहसा दिसत नाही. पाट्यांसाठी आपल्या देशात आंध्र प्रदेशातले मार्कापूर प्रसिद्ध आहे. पाटीचा दगड तयार होतो तो बारीक चिखलापासून. समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी साचलेला चिखल आधी घट्ट होतो. मग भूकवचातल्या हालचालींनी तो प्रचंड दाबला जातो आणि तापतो. त्या दाबाखाली चिखलातल्या मातीच्या कणांचे अभ्रकासारख्या चपट्या खनिजांत रूपांतर होते आणि ही सारी चपटी खनिजे दाबाच्या दिशेशी काटकोनात एकमेकांना समांतर बसतात, वहीच्या पानांसारखी. म्हणूनच छिन्नीच्या एका योग्य फटक्यात या दगडाचा सपाट पापुद्रा निघतो. मियागीतला हा दगड पर्मियन काळातला आहे, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुना. छपरावर शंभर वर्षे काढणे हे त्याच्या आयुष्यात काहीच नव्हे.

मूळ छप्पर १९४५ मध्ये गेले आणि युद्धानंतर पुन्हा मियागीच्याच पाट्या स्थानकावर चढल्या. जीर्णोद्धार सुरू झाला तेव्हा त्या उतरवल्या, पारखल्या, आणि त्यांतल्या पुन्हा वापरण्याजोग्या हजारो पाट्या साफ करण्यासाठी इशिनोमाकीला पाठवल्या. छपरे घालणाऱ्या कारागिरांचे गाव तेच.

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी त्या किनाऱ्यासमोर ९.० प्रतीचा भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. ओगात्सु जवळजवळ नाहीसे झाले. इशिनोमाकी शहरात हजारो माणसे मेली. रचून ठेवलेल्या पाट्या लाटेने उधळल्या. काही वाहून गेल्या, काही गाळाखाली गाडल्या गेल्या.

जिथे माणसेच सापडत नव्हती तिथे छपराच्या पाट्या कोण शोधणार? स्थानकाचे काम तर ठरलेल्या मुदतीत संपायचे होते. सगळ्या पाट्या स्पेनहून आणाव्यात, असा विचार पुढे आला. स्पेनमध्ये उत्तम पाटीचा दगड निघतो, पुरवठा खात्रीचा, दर्जा एकसारखा. अभियंत्याच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. पण स्थानिक कारागीर गाळातून पाट्या वेचू लागले होते आणि त्या स्थानकावर चढाव्यात अशी मागणी होऊ लागली.

प्रश्न भावनेचा होता, तसाच तो विज्ञानाचाही होता. समुद्राच्या पाण्यात बुडालेले बांधकाम साहित्य पुन्हा वापरता येते का?

विटेच्या बाबतीत याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे येईल. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. सच्छिद्र वस्तूत हे पाणी शिरले की वाळताना क्षार आतच उरतात आणि छिद्रांमध्ये त्यांचे स्फटिक वाढू लागतात. हवा दमट झाली की ते विरघळतात, कोरडी झाली की पुन्हा वाढतात. दर खेपेला छिद्रांच्या भिंतींवर दाब पडतो आणि वस्तू आतून भुगा होत जाते. भिंतीला लोणा लागला असे आपण म्हणतो, तो हाच प्रकार. किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावात समुद्राच्या वाळूने बांधलेली भिंत पाहा, म्हणजे पुस्तकात आकृती शोधावी लागणार नाही.

पाटीचा दगड मात्र पाणी जवळजवळ पीतच नाही. हे वर्गात सहज दाखवता येते. विटेचा एक तुकडा आणि फुटक्या पाटीचे काही तुकडे घ्या. दोन्ही उन्हात चांगले वाळवून वजन करा. मग एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून फडक्याने टिपा आणि पुन्हा वजन करा. विटेचे वजन शेकडा दहा ते वीस इतके वाढलेले आढळेल. चांगल्या पाटीचे वजन शेकडा अर्ध्यानेही वाढणार नाही. शाळेतल्या तराजूला ते कळेल याची खात्री नाही. आता विटेचा एक तुकडा मिठाच्या दाट पाण्याने भरलेल्या बशीत उभा करून महिनाभर ठेवा, पाणी आटले की पुन्हा भरा. शेजारच्या बशीत पाटीचा तुकडा ठेवा. विटेवर पांढरी मिशी उगवते आणि तिचे कोपरे बोटाने खरवडता येऊ लागतात. पाटीवर मिठाचा थर बसतो, पण तो धुतला की जातो.

एवढ्यासाठीच गाळात सापडलेल्या पाट्या वाचू शकल्या. क्षार होते ते पृष्ठभागावर, चिखलाबरोबर. त्या एकेक करून गोड्या पाण्याने धुतल्या, घासल्या, वाळवल्या. धुणे आवश्यकच होते. पाटीला नसले तरी पाटी ज्या खिळ्यांनी बसवतात त्या धातूला क्षारांचे वावडे असते. शाळेच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट असेल तर विद्यार्थ्यांना विचारा: पाटी पुरेशी धुतली गेली हे कसे ओळखाल? धुवणाच्या शेवटच्या पाण्यात त्याचे दोन थेंब टाकायचे. पाणी दुधाळ झाले तर क्लोराइड शिल्लक आहे, पुन्हा धुवा.

आणि तडे? लाटेने आपटलेल्या पाटीला न दिसणारी चीर गेली असली तर? पाटीची छपरे घालणारे कारागीर जगात सगळीकडे जी परीक्षा करतात ती आमच्या आजोबांचीच. पाटी हलकेच धरून टकटक करायची. अखंड पाटीवर उमटलेले कंपन तिच्यात सरळ पसरते आणि थोडा वेळ टिकते, म्हणून ती खणखणते. चीर असेल तर कंपन तिथे अडते, चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, ऊर्जा तिथेच खर्ची पडते आणि आवाज बसतो. आजच्या प्रयोगशाळांत हेच काम श्राव्यातीत ध्वनीच्या उपकरणांनी होते. हजारो पाट्या, आणि वेळ थोडा, असे असले की कान अधिक उपयोगी.

चाळीस हजारांहून अधिक पाट्या अशा रीतीने परत आल्या आणि स्थानकाच्या छपरावर बसल्या. कमी पडल्या त्या स्पेनच्या. १ ऑक्टोबर २०१२ रोजी स्थानकाचे नवे-जुने रूप लोकांसाठी खुले झाले. रस्त्यावरून वर पाहणाऱ्याला कोणती पाटी कुठली हे ओळखता येत नाही, आणि येऊही नये. तिसऱ्या मजल्याच्या नव्या विटांचेही तसेच. त्या जुन्यांच्या रंगाशी जुळवून भाजल्या आणि त्यांच्या मधल्या दर्जा जुन्या पद्धतीने, फुगीर गोलाई देऊन भरल्या. ही पद्धत मोडीत निघाली होती; गवंड्यांना त्यासाठी हत्यारे नव्याने बनवून, हात बसवून ती शिकावी लागली. जुनी वस्तू वापरायची तर जुने कसबही कुठून तरी परत आणावे लागते. पुण्यातल्या पाडलेल्या वाड्यांच्या सागवानी तुळया जुन्या बाजारात विकत मिळतात. त्यांचे सांधे पूर्वीसारखे बसवणारा सुतार मात्र त्या बाजारात मिळत नाही.

आणि तो ड्युराल्युमिनचा पत्रा? आठ कोनी छपरांबरोबर तो खाली आला. टोकियोला एका परिषदेसाठी गेलो असताना मी मुद्दाम लवकर स्थानकावर पोहोचलो. घुमटाखाली उभा राहून, मान उंचावून, नव्याने घडवलेले गरुड आणि राशिचक्रातले प्राणी पाहत होतो. आजूबाजूने माणसांचा लोंढा चाललेला. बरोबर असलेल्या तिथल्या एका सहकाऱ्याने माझ्या खांद्याला हात लावून खाली पाहा असे खुणावले. पायाखालच्या फरशीत फिकट आणि गडद दगडांची नक्षी होती, मध्यातून बाहेर उमलत गेलेली. १९४७ च्या पत्र्याच्या छताची आकृती त्यांनी जमिनीवर उतरवून ठेवली आहे. आम्ही तिच्या मधोमध उभे होतो. सकाळच्या गाडीची वेळ झालेली, त्यामुळे लोक आम्हाला वळसा घालून तिच्यावरून भराभर चालले होते.